टाकीचं विरजण

आष्टा रस्त्यावर आमच्या नगरपालिकेचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे. तिथली जुनी टाकी माझी. कागदोपत्री नगरपालिकेची म्हणा हवं तर, पण तळातून हवा सोडून ते काळं पाणी जिवंत ठेवण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

हवेमुळे सगळी टाकी कायम उकळत असल्यासारखी दिसते. फक्त ताटाएवढी एक जागा शांत. तिथे बुडबुडा येत नाही. वरच्या लोखंडी पुलावरून मी चाललो की ती जागा खालून माझ्याबरोबर चालते, मी थांबलो की थांबते. हवेच्या नळ्या तपासल्या, बदलल्याही. फरक पडला नाही. मग मी शोध घेणं सोडून दिलं. खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं. दुसरं कोणी पुलावर गेलं तर ती जागची हलायची नाही.

गाव वाढलं. शेजारी दुप्पट मोठी टाकी बांधली. तिचा ताबा मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. मिळाला वीरधवलला. इस्लामपूरचा पोरगा, नवा इंजिनिअर, डोळ्यांवर गॉगल. उद्घाटनाचा नारळही त्याच्याच हस्ते फोडला. माझा नुसता जळफळाट झाला.

नव्या टाकीतलं पाणी आपोआप कामाला लागत नाही. जुन्या टाकीतला गाळ तिच्यात घालावा लागतो, दुधाला विरजण लावावं तसा.

"धनपालकाका, तुमचा गाळ लागंल थोडा," वीरधवल म्हणाला.

घरी बायकोला सांगितलं. सुंदरी म्हणाली, "द्या की. पण आवं, इरजण देताना भांडं खरवडून देत न्हाईत. आपल्यापुरतं ठिवा."

मी कुठला ऐकतोय! पंपाचा पाइप नेमका त्या शांत जागेखाली सोडला आणि तळ खरवडून काढला. घे म्हटलं सगळं, आणि जास्तीच्या विरजणाने नासू दे तुझी टाकी.

नासली नाही. झकास लागली.

सकाळी माझी टाकी काठोकाठ उकळत होती. पुलावरून गेलो, परत आलो. खाली माझ्याबरोबर कोणी नव्हतं.

पलीकडच्या पुलावर वीरधवल फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. त्याच्या पावलांखाली ती शांत जागा चालत होती. त्या गाढवाला पत्ताही नव्हता.

मी साहेबांचे कान भरले. वीरधवलची आटपाडीला बदली झाली, ताबा माझ्याकडे आला. मी धावतच नव्या पुलावर गेलो.

तीही टाकी काठोकाठ उकळत होती.

आठवड्याने त्याचा फोन आला.

"काका, हितं खोलीवर भात टाकलाय. सगळं पाणी रटारटा उकळतंय, मधी एक जागा गप हाय. मी सरकलो की सरकतीया. रोज मोठी व्हाय लागलीया. तुमी असलं कवा बघितलंय का वो?"

"न्हाई," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला.

सुंदरीने चहा ठेवला होता. मी पातेल्यावर वाकलो. थोडा डावीकडे सरकलो, मग उजवीकडे.

"आवं, काय बघताय त्यात?"

सगळा चहा उकळत होता.