खिडकीतली चिनी मातीची कुत्री

मारेन खिडकीतल्या दोन कुत्र्यांची तोंडं समुद्राकडे फिरवत होती, तेवढ्यात मागून आवाज आला, "हवा खायला काढलीस का त्यांना?"

ती दचकली. संग्रहालयाच्या दारात एक उंच तरुण उभा होता... जाकिटावरून धुक्याचं पाणी ठिबकत होतं.

"तिकीट इकडे. आणि तुम्ही—"

"तुम्ही काय? शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचो. एस्किल. धुक्यानं बोट अडकलीय, म्हणून आलो."

"म्हणजे संग्रहालय बघायला नाहीच."

"आलो तेव्हा नव्हतं बघायचं," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "आता बघतोय की."

फानो बेटावर घरोघरी अशी चिनी मातीची जोडी. घरधनी दर्यावर गेला की बायको कुत्र्यांना बाहेर बघायला लावायची, परतला की आत वळवायची. संग्रहालय झालेल्या या घरातला कप्तान दीडशे वर्षांपूर्वी गेला तो गेलाच. म्हणून इथली कुत्री कायम बाहेर बघत ठेवायची, असा संग्रहालयाचा नियम. पण गेला महिनाभर रोज सकाळी मारेननं कुलूप काढलं की कुत्री आत बघत असायची. आणि किल्ली एकट्या मारेनकडे.

"वारा असेल," एस्किल म्हणाला.

"बंद खिडकीत?" तिनं कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. आत कप्तानाच्या बायकोचा, आनीनेचा पुतळा होता. शेतातल्या उडत्या वाळूपासून चेहरा वाचवायला बायका घालत, तो काळा मुखवटा तिच्या तोंडावर होता. "तो निघाला त्या सकाळी हिनं कुत्री आत वळवून ठेवली म्हणे. जाऊ नकोस म्हणायला जीभ रेटेना बिचारीची. तो हसला, त्यानंच ती बाहेर फिरवली आणि गेला."

एस्किल मात्र हसला नाही.

मग तो दर बुधवारी येऊ लागला, धुकं असो नसो.

"तोच चरखा किती वेळा बघणार?" मारेन विचारायची.

"चरखा? कुठाय चरखा?"

चौथ्या बुधवारी तो खिडकीशी घुटमळला. "उद्या चारच्या बोटीनं निघतोय. मालवाहू जहाज... सात महिने."

"बरं," मारेन म्हणाली. तोंडातून एवढंच निघालं.

"या खिडकीसमोरूनच जाईन. कुत्री बाहेर बघत असली तर समजेन, कुणीतरी माझी वाट बघणार आहे."

"आणि आत बघत असली तर?"

"तर घरधनी घरात आहे. माझं काय काम?"

दुसऱ्या दिवशी तिनं दुपारीच कुत्री नीट बाहेर वळवली आणि कॉफीचं पाणी ठेवायला मागे गेली. खिडकीकडून टक्... टक् असा बारीक आवाज आला. ती धावत आली. दोन्ही कुत्री तिच्याकडे बघत होती, आणि काचेपलीकडे एस्किलची पाठ धुक्यात विरत चालली होती.

तिनं दार ओढलं. ते हलेना. धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला, तशी ती दाराला टेकून खाली बसली आणि रडू लागली.

थोड्या वेळानं बाहेर पावलं वाजली. दार अलगद उघडलं.

"धक्क्यापर्यंत गेलो होतो," एस्किल धापा टाकत म्हणाला. "मग कप्तानाची आनीने आठवली. आत म्हणजे... जाऊ नकोस. खरं ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "मी नाही वळवली," ती म्हणाली. "मी बाहेरच ठेवली होती. सात महिने वाट बघणार होते. पण आता मीच म्हणतेय, जाऊ नकोस. मला तू हवा आहेस, एस्किल."

त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. त्यानं तिचे गार हात हातात घेतले.

"मग... कुणी वळवली?"

कोपऱ्यात कुणीतरी लांब श्वास सोडला. कपाटाच्या काचेवर, मुखवट्याच्या तोंडाशी, आतल्या बाजूनं वाफ धरली होती. त्यांच्या देखत ती हळूहळू विरली.

त्यानंतर कुत्री कधी हलली नाहीत. नियम काहीही असो, ती आतच बघत असतात, आणि मारेन त्यांना हात लावत नाही.