बॉनेटची जायी

पहिल्या भेटीत त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते आमच्या जीपकडे, आणि असं पाहिलं की मला त्या जीपचा हेवा वाटला.

चौऱ्याहत्तर सालचा वैशाख होता. मेडशीच्या पुढच्या घाटात, तिसऱ्या वळणावर, जीप फुसफुसत उभी राहिली होती. बॉनेटखालून वाफ येत होती. ड्रायव्हर रामधनभाऊ रेडिएटरच्या टोपणाला शिव्या देत होते. मी समोर होते म्हणून तोंडातल्या तोंडात. मी मांडीवर लशीची पेटी घेऊन तिच्यावर ओलं फडकं घालत बसले होते. पेटीत बर्फ, बर्फात लशी, आणि घाटापलीकडे सात गावांतली पोरं दंड उघडे करून वाट पाहत असलेली.

तेवढ्यात घाट उतरत एक सायकल आली. तिच्यावरच्या माणसाने सायकल पळसाला टेकवली, आमच्या कॅनमधलं ओंजळभर पाणी घेतलं आणि बॉनेटवर शिंपडलं. थेंब तडतडले, नाचले, नाहीसे झाले. त्याने मान हलवली.

"नर्सबाई," पांढरी साडी कडेने दिसली असावी तेवढीच, "तुमच्या गाडीले ताप हाय."

"मग औषध काय द्यायचं?"

"औषध नाई लागत. घाम येऊ द्या लागते." त्याने बॉनेटवर बोटाने रेघ ओढली. "समोरून हवा येते, इंजनावर तापते, अन् अठीच कोंडून राहते. भाईर निघाले वाटच नाई. मानूस असता त घाम आला असता. हिनं बिचारीनं करावं काय?"

गाडीला बिचारी म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी हसले. तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं… मग मांडीवरच्या पेटीकडे पाहिलं. झाकणाला मी बाबासाहेबांचा छोटा फोटो चिकटवला होता. तो पाहून त्याचा चेहराच उजळला.

"जयभीम, बाई. मी इंद्रभान. मेडशीच्या थांब्यापाशी माही शेड हाय."

इंद्रभान पाण्याचे पंप, ऑइल इंजिनं, सायकली, जे येईल ते दुरुस्त करायचा. घरी आई पंचफुला आणि तो, दोघंच. वाशीमच्या एका गॅरेजात चार वर्षं हात काळे करून शिकलेला. पुस्तकातलं इंजिन त्याने पाहिलेलं नव्हतं, पण इंजिनाला कान लावला की त्याला काय दुखतंय ते कळायचं. मी नर्स होते, मला अशी माणसं ओळखता येतात.

आणि मला अशा माणसाची फार गरज होती. आमचा फिरता दवाखाना पुण्याच्या एका ट्रस्टचा. जीप मिलिटरीच्या लिलावातली, दोन महिन्यांत चारदा घाटात बसलेली. ट्रस्टचं पत्र आलं होतं, की जूनअखेरपर्यंत फेरी नीट झाली नाही तर घाटापलीकडची गावं बंद करू आणि बाईंना पुण्याच्या दवाखान्यात घेऊ. पुणं म्हणजे पंखे, नळ, पक्कं क्वार्टर. पण त्या सात गावांतल्या बायका आता कुठे मला दारातून आत बोलवायला लागल्या होत्या. मला जायचं नव्हतं.

इंद्रभानने काम अंगावर घेतलं. आठवडाभराने रामधनभाऊंना चौकशीला पाठवलं, तर ते परत आले ते थेट दवाखान्याच्या ओसरीवर. ओसरी बायकांनी भरलेली. सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्तरी म्हणते, जायी भेटल्याबिगर मी गाडीले हात लावत नाई."

माझ्या हातातली सुई थांबली.

"म्हणे, वाशीम पालथं घातलं, अकोल्यालेही जाऊन आलो, पन मनासारखी जायी कोठीच नाई. एक डाव जायी हाती आली, का मंग पाहा म्हणे."

ओळीतली एक म्हातारी समजुतीने म्हणाली, "खरं हाय बापा. चांगली जायी भेटनं कठीनच."

माझं नाव जाई. जाई शंकर जाधव, मूळची नाशिककडची. माझे कान तापले. सगळी ओसरी माना डोलावत होती आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, याने तर मी आणखीच चिडले. दुसऱ्या दिवशी त्याला जाब विचारायला निघाले. निघताना वेणी दोनदा घातली. रागात असताना वेणी दोनदा का घालावी लागते, ते मला आजही सांगता येणार नाही.

तो शेडमध्ये पंप उघडून बसला होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, माझं नाव चारचौघांत घ्यायचं कारण काय?

"तुमचं नाव?" तो गोंधळला. "थे त मले मालूमच नाई."

"रामधनभाऊंना काय म्हणालात? जाईशिवाय गाडीला हात लावत नाही?"

"हाव. नाईच लावत. जायीबिगर करू काय?" असं म्हणून त्याने कोपऱ्यातून एक गंजका पत्रा उचलून आणला. पत्र्यात बोटाएवढ्या तिरप्या फटींची ओळ होती. "अशी जायी पायजे. हे गंजली. बॉनेट कापून अठी बसवली, का गरमी या फटीतून भाईर."

मी पत्र्याकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षं वऱ्हाडात काढली होती, डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया रोज ऐकत होते… आणि जाळीची जायी होते, एवढं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे… जाळी," मी म्हणाले.

"हाव. जायी." मग तो थांबला. "तुमचं नाव जाई हाय?"

मी मान हलवली. तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. ऑइलने काळा झालेला माणूस इतका लाल होऊ शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आतून पंचफुलामावशी पदर तोंडाला लावून हसत चहा घेऊन आल्या. मी तो चहा मुकाट्याने प्याले.

त्या दिवसापासून त्याने तो शब्द टाकला. 'थे फटीवालं' म्हणायचा, 'थे पत्र्याचं' म्हणायचा, नुसता हात करून दाखवायचा. रामधनभाऊ मुद्दाम विचारायचे, कायचा पत्रा, मिस्तरी, नाव सांगा की. तो पान्हा शोधायला खाली वाकायचा.

जायी शेवटी मलाच सापडली. घाटापलीकडच्या गावात उकंडराव म्हणून एक शेतकरी होते, त्यांच्या खळ्यात एक जुनी लॉरी वर्षानुवर्षं पडून होती. तिच्या बॉनेटच्या दोन्ही अंगांना अशाच फटी होत्या, खूप, आणि पत्रा जाड, गंज नसलेला. उकंडरावांच्या सुनेचं बाळंतपण मीच केलं होतं. ते म्हणाले, घेऊन जा, बाई. पण इंद्रभान छिन्नी-हातोडा घेऊन आला, त्याने बॉनेट उचललं आणि हळूच परत ठेवलं.

"काय झालं?"

"कोंबडी बसली हाय. अंड्यावर."

"मग तिला उचलून दुसरीकडे ठेवा ना. जूनअखेर आलाय."

"हलवली त ते पुना बसनार नाई, बाई. नऊ दिवस राह्यले म्हणते उकंडराव." तो अपराध्यासारखं हसला. "नऊ दिवसांत मी बाकीचं करून ठेवतो. तुमची फेरी नाई चुकू देत."

मी रागावायला हवं होतं. पण त्याने बॉनेट जसं अलगद खाली टेकवलं होतं, तसं मी बाळाला पाळण्यात ठेवते. रागवायचं राहूनच गेलं.

त्या नऊ दिवसांत त्याने जे केलं, ते मी अजून लोकांना सांगत असते. जायी बॉनेटवर नेमकी कुठे बसवायची हे त्याला ठरवायचं होतं. त्याने पंचफुलामावशींकडून वाटीभर खळ करून घेतली आणि बॉनेटभर कापसाचे पुंजके चिकटवले, बोटाबोटाच्या अंतरावर. हिरवी जीप म्हाताऱ्या शेळीसारखी दिसायला लागली. मग रामधनभाऊंना म्हणाला, चालवा सपाटून. आणि मला म्हणाला, तुमी पाहा, कोणता कापूस उभा राह्यते अन् कोणता निजते.

"मीच का?"

"तुमची नजर बारीक हाय. मी त…" पुढचं त्याने गिळलं.

वाशीमजवळच्या मालेगावच्या रस्त्यावर आम्ही धावलो. मी पुढे, तो मागच्या बाकावरून माझ्या खांद्याशी वाकलेला, पण खांद्याला लागणार नाही एवढं अंतर राखून. वारा माझी बट त्याच्या तोंडावर उडवत होता आणि तो ती हाताने बाजूला न करता मान वळवत होता. काचेजवळचे पुंजके पत्र्याला चिकटून निजले होते. रेडिएटरच्या मागचे मात्र उभे राहून थरथरत होते, कुणी वरून ओढतंय असे.

"पुढचे," मी ओरडले, "पुढचे उभे राहिलेत, मधली ओळ."

"मंग अठीच," तो माझ्या कानाशी म्हणाला. "हवा सोताच सांगून राह्यली, मले अठून ओढून घे."

आतून मीही त्या पुंजक्यांसारखीच उभी राहिले होते, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

पिल्लं निघाली, अकरा. त्याच दुपारी लॉरीचा पत्रा निघाला. त्याने जीपच्या बॉनेटवर खडूने आखलं, छिन्नीने कापलं, कडा कानशीने अशा घासल्या की मी बोट फिरवलं तरी ओरखडा नाही. फटींची तोंडं त्याने मागच्या बाजूला ठेवली. पुढे ठेवली तर वारा आत घुसेल म्हणाला, आतली गरमी आधीच मावेना, तिले पाहुने कायले? पावसाचं पाणी आत पडू नये म्हणून खाली पत्र्याची छोटी पन्हळ केली. शेवटी रंगाचा डबा आणला. हिरवा रंग जुळवायला त्याने सहा वेळा काडीने थेंब लावून पाहिला. पाठ वाकलेली, जीभ दाताखाली, कपाळावर घाम. मी सावलीत बसून पाहत होते. कामात बुडालेला माणूस किती देखणा दिसतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.

अठ्ठावीस जूनला जीप घाट चढली. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं, रामधनभाऊंनी तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा मध्यावर. फटींवरची हवा वितळत्या काचेसारखी हलत होती, गरमी वर निघून जात होती, आणि माझ्या पेटीतला बर्फ सातव्या गावापर्यंत शिल्लक राहिला.

आणि इथेच गोची झाली.

गाडी इतकी सुधारली की तिला मेडशीला थांबायचं कारणच उरलं नाही. दर बुधवारी आम्ही शेडवरून जायचो. रामधनभाऊ हॉर्न द्यायचे, तो पंपावरून मान वर करून हात हलवायचा, आणि मी… मी समोरचा रस्ता पाहायचे. पाच बुधवार असेच गेले. एखादा मिस्त्री इतकं चांगलं काम करतो की त्याचा राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

सहाव्या बुधवारच्या आदल्या दिवशी ट्रस्टचं पत्र आलं. फेरी चालू राहील. बाईंच्या कामावर समाधान. पुण्यात मोठ्या नर्सची जागा आहे. हवी असल्यास आठ दिवसांत कळवावे.

बुधवारी शेड दिसली तसं मी म्हणाले, रामधनभाऊ, थांबवा. ते म्हणाले, काहून, काटा त खालीच हाय. मी म्हणाले, थांबवा. त्यांनी थांबवली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बिडी ओढायला म्हणून पार पिंपळापर्यंत चालत गेले.

श्रावणाची भुरभुर होती. इंद्रभान हात पुसत धावत आला. बॉनेटला हात लावला, दुसऱ्यांदा लावला.

"गाडी त चांगली हाय. थांबली काहून?"

"गाडी नाही थांबली. मी थांबले."

तो फडक्याने एकच बोट पुसत राहिला. मी त्याला पत्राचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "चांगलं हाय. मोठी जागा हाय. जा तुमी."

एवढंच. मी जीपकडे वळले. पायरीवर पाय ठेवला तेव्हा मागून त्याचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक.

"बाई… एक गोठ सांगू? रागावू नोका." मी वळले नाही, पण थांबले. "शेवटचे नट कसून राह्यलो होतो, तवा मनात आलं, एक ढिला ठेवावा. नुकसान काई नसतं झालं. घाटात खडखड वाजलं असतं, तुमी माघारी आले असते. दर बुधवारी. पन हात धजला नाई. त्या पेटीसाठी पोट्टे दंड उघडे करून बसतेत. मंग सगळे कसले. घट्ट."

मी वळून पाहिलं. भुरभुर त्याच्या भुवयांवर बसली होती. मला पाच बुधवारांचा हिशेब कळला, त्याच्याकडचाही.

माझ्याकडे उत्तर होतं, पण पेटीत बर्फ होता.

"परत येताना बोलू," मी म्हणाले.

"सहाले येता न तुमी?"

"साडेपाचला. आता गाडी तापत नाही."

त्या दिवशी रामधनभाऊंनी काय केलं कोण जाणे, आम्ही सव्वापाचलाच पोहोचलो. इंद्रभान रस्त्यावर उभा होता, धुतलेला सदरा घालून, केस विंचरून, नखांत मात्र तीच काळी रेघ. मी उतरले, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "हो."

तो घाबरला. "मी त अजून काई विचारलंच नाई."

"मग विचारा," मी म्हणाले. "मला घाई नाही. मी कुठे जात नाहीये."