मध्ये हं म्हणू नका

या भाऊजी, बसा. मिक्सर झालाय तुमचा, नुसता कार्बन झिजला होता. पण आलाच आहात तर जरा ऐकून जा. आणि एक विनंती... मी सांगत असताना मध्ये 'हं' म्हणू नका. हवी तर मान हलवा.

टेबलावरचा हा फोन पाहिलात? हातात न धरता बोलायचा. दुकानात मला दोन्ही हात लागतात, म्हणून घेतला. यात माइक आणि स्पीकर शेजारी शेजारी. दोन्ही एकदम उघडे राहिले, तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि कान फाटेल अशी शीळ सुटते. म्हणून आत एक सर्किट असतं. ते दोन्हीकडचे आवाज सारखं तोलत बसतं. माझा आवाज वरचढ झाला की माझी वाट मोकळी, आणि पलीकडच्याचा आवाज पार खाली. मी गप्प बसलो की उलट. पंख्याच्या घरघरीला ते भुलत नाही, पण माणसाच्या घशातून साधा 'हं' निघाला तरी फसतं. लाल दिवा म्हणजे मी, हिरवा म्हणजे पलीकडचा. आणि झुकतं माप कोणाला द्यायचं, ते एका बारीक स्क्रूवर ठरतं. गिऱ्हाइकं कुरकुर करायची, तुमचं नीट ऐकू येत नाही म्हणून. मी तो स्क्रू माझ्या बाजूला फिरवला आणि पुन्हा हलू नये म्हणून वर लाखेचा ठिपका देऊन टाकला.

आईचा फोन रोज तीनला यायचा. आजारपणानंतर तिचा आवाज किती बसला होता, तुम्हाला माहीत आहे. ती बोलायची आणि मी सोल्डरिंगचा डाग देता देता 'हं... हं...' करायचो. तिला वाटावं, पोरगा ऐकतोय. माझ्या प्रत्येक 'हं'ला तिचे दोन-तीन शब्द गळायचे. मला कळत होतं, भाऊजी. पोटापाण्याचा धंदा आहे माझा, मला नाही कळणार? स्क्रू फिरवायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण तिच्या त्याच त्या गोष्टी... अर्ध्या ऐकू आल्या नाहीत तरी माझं काही अडत नव्हतं.

मान हलवताय ना? बरं.

शेवटच्या दिवशीही तीनलाच फोन आला. "अरे, मघापासून..." मी म्हटलं, हं. "...जमिनीवर..." हं, हं. "...येतोस का?" मला वाटलं, काहीतरी सांडलं असेल. म्हटलं, "बघतो गं, ठेव आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंनी दार उघडवलं. आई जमिनीवरच होती, रिसीव्हर हातात. ताईने मला विचारलं, "काल तिचा फोन आला होता का रे?" मी म्हटलं, "नाही." आणि ताईने मलाच जवळ घेतलं. म्हणाली, "मग तू तरी काय करणार होतास?" त्या वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

महिन्याभराने मी ही लाइन काढून टाकली. वायर ती बघा, गुंडाळून खिळ्याला टांगलीय. फक्त अडॅप्टर लावलेला राहिला. त्याच दुपारी तीनला... हिरवा दिवा लागला.

पंख्याची घरघर कुठेतरी लांब गेली. दुकानात आई लावायची त्या बामचा वास सुटला, डाग देण्याच्या धुरातही कळेल असा. स्पीकरमधून श्वास आला, थांबत थांबत. मग... "अरे..."

सवयीने माझ्या तोंडून गेलंच, हं. लाल दिवा. सगळं बंद. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हळूच हिरवा लागला. "अरे... ताईला तू..."

ती काय विचारणार, ते मला कळलं. भीती नाही वाटली, भाऊजी. लाज वाटली. चारचौघांत उघडं पडावं तशी. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "हं!" लाल. ती पुन्हा बोलू लागली की पुन्हा, "हं!" पाव तास मी नुसता हं-हं करत बसलो होतो. गेल्यावरही आईला बोलू दिलं नाही मी.

दिवे विझल्यावर सेट उघडला. स्क्रू पार दुसऱ्या टोकाला होता, तिच्या बाजूला. वरचा लाखेचा ठिपका मात्र जसाच्या तसा, कुठे चीरसुद्धा नाही.

तेव्हापासून ताईला खरं सांगायला मोबाइलवरून तीनदा फोन केला. दर वेळी तिचं एकच, "तुटतंय रे तुझं... मध्ये मध्ये कोण हं म्हणतंय तिथं?" परवा तुमच्या घरी येऊन तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "अरे बोल की, नुसता बसलायस काय!"

म्हणून तुम्हाला गाठलं. तुम्ही सांगा तिला. एकच वाक्य आहे, भाऊजी... आईचा फोन आला होता. सांगाल ना?

काय? ...काय म्हणालात?

मिक्सर झालाय एवढंच बोललो? त्यानंतर गप्पच आहे मी?

मग भाऊजी... मघापासून तुम्ही मान कोणाच्या बोलण्यावर हलवत होतात?