सगळ्यांना घेऊन या

अमेरिकेतल्या हर्नडनच्या त्या टाउनहाउसांत दाराचा रंग, कचऱ्याचा डबा आणि दुःख, तिन्ही रहिवाशांच्या असोसिएशनच्या नियमात बसावं लागे. मिसेस लेविनचं दुःख बसलं नाही.

नव्वदीच्या या शेजारणीनं दारासमोरच्या फुटपाथात चार पितळी पट्ट्या बसवल्या होत्या. आई, वडील, दोन धाकटे भाऊ. नाव, जन्मसाल, आणि नाझींनी मारलं ते साल. ते राहायचे ती गल्लीच उरली नव्हती, म्हणून इथे.

"घरांच्या किमती पडतात म्हणे!" समोरच्या घरात सुनेत्रानं नवऱ्यासमोर कढईवर झारा आपटला. "मेलेल्या पोरांच्या नावांनी? आणि त्या पट्ट्या काढायला कमिटीत तूही हात वर केलास, गुरू?"

"अर्धाच केला गं. मेजॉरिटी होती यार."

"मोजला ना पुरा?"

पट्ट्या उखडल्या गेल्या. खड्ड्यांत सिमेंट भरलं. जुलैच्या उन्हात रस्त्याचं डांबर मऊ पडत होतं; सिमेंट मात्र आठवडा उलटला तरी ओलंच. कॉन्ट्रॅक्टर येऊन डोकं खाजवून गेला. फिरायला नेलेली कुत्री तिथे थांबत, खाली बसत, हलायला तयार नसत.

शनिवारी मिसेस लेविन त्या ओल्या चौकोनांपाशी उभी होती. गुरुनाथ ओशाळला; आणि ओशाळलेला मराठी माणूस जे करतो तेच त्यानं केलं.

"या ना एकदा आमच्याकडे जेवायला. फॅमिलीला घेऊन या."

शेजारी उभ्या सुनेत्राला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आधी यालाच गिळावं.

"सगळ्यांना?" म्हातारीनं शांतपणे विचारलं.

"हो हो, सगळ्यांना!"

"लाजतात ते. पण येतील."

घरात पाऊल पडताच सुनेत्रा कडाडली, "कोण फॅमिली रे? कोण उरलंय तिचं?"

"तोंडातून गेलं गं! आपण म्हणतोच सगळ्यांना. येतं कोण?"

रविवारी जेवायच्या वेळी सुनेत्रा दाराशी गेली. समोर मिसेस लेविनच्या दाराशी सिमेंट वाळून पांढरं झालं होतं.

दाराच्या आत, त्यांच्या चपलांशेजारी, बुटांचे चार जुने जोड ओळीनं काढून ठेवले होते. दोन मोठे, दोन लहान. तळव्यांना ओलं सिमेंट. त्यापुढे फरशी स्वच्छ.

सुनेत्रानं दार लोटलं. मग स्वयंपाकघरात गेली.

"चार ताटं जास्त घे," ती म्हणाली.

"कुणाला?"

"तू बोलावलंयस."

गुरुनाथ हसायला गेला. त्याच्या शेजारची खुर्ची टेबलापासून जराशी मागे सरकली. लहान मुलाला चढता येईल, इतकीच.