जवाएवढा पाठमोरा माणूस

आमचे गुरुजी दोनच गोष्टी शिकवत. पेन्सिल कडक हवी, आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच कागदावर यावं. चित्र झालं की कोपऱ्यात तारीख. ड्रेस्डेनला ट्राउगोट आणि मी त्यांच्याच हाताखाली तयार झालो. पुढे तो माझ्या बहिणीचा, ओटिलीचा नवरा झाला.

त्या सप्टेंबरात तो एल्बे नदीकाठच्या कड्यांत चित्रं काढायला गेला, तो शनिवारपासून परतलाच नाही. गाववाले शोधून दमले. सोमवारी मीही एकट्यानं दरीभर हाका मारल्या आणि शेवटी एका खडकावर टेकलो. हात थरथरत होते. ते थांबावेत म्हणून चर्चमधलं स्तोत्र गुणगुणत समोरचा कडा रेखाटला. भेगा, शेवाळ, एक वाकडा पाइन. माणूस कुठेच नव्हता.

घरी वही उघडली, तर पाइनच्या मुळाशी एक पाठमोरा माणूस बसलेला. जवाच्या दाण्याएवढा. रेघ माझ्याच हातची होती. खोडायला वापरायचो तो पावाचा गर मळून मी तो माणूस पुसून काढला.

सकाळी तो होता तिथेच होता.

ओटिली मागे येऊन उभी राहिली. "दादा, हा कधी काढलास?"

"मी नाही काढला."

"मग कोपरावरचं ठिगळ? ट्राउगोटच्या कोटाला ते मीच लावलंय, चौकोनी. मला चिडवायचा, बाहीला खिडकी बसवलीस म्हणून."

मी भिंग लावलं. कोपरावर चौकोन होता.

दोर घेऊन आम्ही चौघं गेलो. पाइनमागे कपार होती, समोरून नुसती फट वाटावी अशी. आत ट्राउगोट पाय मोडून पडला होता. जिवंत.

"काल समोरच बसला होतास की," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "घसा बसलेला, हाक निघेना. मग तुलाच काढत बसलो. म्हटलं, मेहुणा जन्मात पहिल्यांदा स्वस्थ बसलाय."

आम्ही तिथेच हसलो आणि रडलोही. रविवारी चर्चमध्ये ओटिलीला गाणं पुरं करता आलं नाही. देवानं राखलं; आजही हे सांगताना छाती हलकी होते.

त्याची वही मी नंतर पाहिली. फटीतून दिसलेला समोरचा कडा, खडकावर मान खाली घातलेला मी. कोपऱ्यात सोमवारची तारीख. माझ्यामागे कुणीतरी ओणवं होऊन उभं होतं, आणि माझा पेन्सिलीचा हात त्यानं मुठीत धरला होता.

मी वही ट्राउगोटपुढे धरली.

"हो, मीच विचारणार होतो," तो म्हणाला. "तुझ्याबरोबर आलेले ते गृहस्थ कोण?"