कुंपणाच्या पुढची पावलं

लाइट यायला अजून वेळ लागेल. आइस स्टॉर्म आहे, तारा तुटल्यात म्हणतात. मेणबत्ती राहू दे तिथेच. तुम्ही मघापासून माझ्या डाव्या पायाकडे बघताय, सगळेच बघतात. बसलोच आहोत तर सांगतो.

त्या दुपारी मी कॉर्नस्टार्च आणायला बाहेर पडलो होतो. टोरोंटोतला जानेवारी, फुटपाथवर मीठ पडून करडा झालेला बर्फ. ग्रोसरीच्या दुकानात होते नव्हते तेवढे कॉर्नस्टार्चचे डबे मी ट्रॉलीत भरले. काउंटरवरच्या गुजराती बाईंनी हसत विचारलं, "भाईसाब, इतना सूप कौन पिएगा?" मीही हसलो. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांना ती थट्टाच वाटली असती.

चामड्याच्या पिशवीत कॉर्नस्टार्च भरून त्यावर पाय दाबला की बर्फात चालल्याचा आवाज येतो. हेच माझं काम. नागपूरहून आलो तो सॉफ्टवेअरच्या नोकरीवर. ती गेली आणि मी या आवाजांच्या धंद्यात शिरलो. सिनेमात माणूस चालतो, दार लोटतो, कोट काढतो. त्यातले बरेच आवाज शूटिंगच्या वेळचे नसतातच. ते नंतर एका बंद खोलीत, पडद्यावरचं चित्र बघत कुणीतरी केलेले असतात. आमच्या स्टुडिओत ते मी करायचो आणि काचेपलीकडे बसून रॉड्नी ते टिपायचा. रॉड्नी वसईचा. हेडफोन चढवण्याआधी न चुकता छातीवर क्रूस काढायचा. खोलीच्या जमिनीत चौकोनी खड्डे होते, एकात खडी, एकात वाळू, एकात आमचा खोटा बर्फ. त्यात उभं राहून जागच्या जागी चालायचं. मैलभर चाललात तरी तिथेच.

त्या दिवशीचं काम ऊर्मीच्या फिल्मचं होतं. ऊर्मी म्हणजे उल्हासरावांची मुलगी. महाराष्ट्र मंडळामुळे आमची जुनी ओळख. उल्हासराव टोरोंटोजवळच्या ग्वेल्फला धान्यावर संशोधन करणाऱ्या एका लॅबमध्ये होते. गावाबाहेर, शेतांच्या मधोमध त्यांचं घर. काही वर्षांपूर्वी कामावरून परतताना त्यांना वादळाने गाठलं, गाडी खड्ड्यात गेली. गाडीत थांबायचं सोडून ते चालत निघाले. घराच्या पोर्चवरचा दिवा दिसेल इतक्या अंतरावर, शेजारच्या शेताच्या कुंपणाला टेकून बसलेले सापडले. डोळे मिटलेले. "चेहरा शांत होता हो भाऊजी," त्यांची बायको, शीलावहिनी, मला म्हणाल्या होत्या. "दमून जरा टेकावं ना, तसे बसले होते." एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर त्या बाईने पुढचे दिवस काढले.

ऊर्मीच्या फिल्ममध्ये मात्र ते बसून राहत नव्हते. कुंपणापाशी टेकायचे, पुन्हा उठायचे, चालत घरी पोचायचे, आणि दार उघडायचं. शेवटची काही मिनिटं पडद्यावर जवळपास काहीच नव्हतं. पांढरं वादळ आणि त्यात अस्पष्ट पाय. सगळा भार आवाजावर.

"भीती सगळेच दाखवतात, काका," ऊर्मी म्हणाली. ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, बर्नाबीहून खास आली होती. "मला होप द्यायचंय. फिल्म म्हणजे माझ्यासाठी प्रेयर आहे. मी रोज मेडिटेशनला बसते तेव्हा बाबा मला सांगतात, मला घरी ने."

तिच्यासोबत आलेल्या शीलावहिनी कोट न काढताच उभ्या होत्या. "मला नाही सांगत ते असं काही," त्या म्हणाल्या.

ऊर्मीने खांद्यावरच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं. बूट. जड, तपकिरी, नाडीच्या कड्यांवर गंज चढलेला. पोलिसांनी परत दिलेले उल्हासरावांचे बूट.

वहिनींचा चेहरा पडला. "हे बेसमेंटमधून काढलेस तू? मला न विचारता?"

"आई, प्लीज. आय नीड द रिअल साउंड. काका, तुम्ही हेच घाला."

वहिनींनी तिच्याकडे पाठ केली. माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, कुंपणापर्यंत चाला. त्यापुढे नको. ते बसलेत... त्यांना बसू द्या." आणि बाहेर लाउंजमध्ये जाऊन बसल्या.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच नाही म्हणायचं होतं. पण दिग्दर्शक सांगेल ते करायचं, अशी आमची सवय. आणि बूट म्हणजे शेवटी बूटच.

मी ते घातले. आतून जरा ओलसर लागले. वाटलं, बेसमेंटमधली ओल असेल.

बाहेर दुपार होती, पण आमच्या खोलीला खिडकी नाही. रॉड्नीने दिवे मालवले की उरतो फक्त पडद्याचा उजेड. मी खोट्या बर्फात उभा राहिलो, ऊर्मी भिंतीशी खुर्चीवर बसली. चित्र सुरू झालं आणि मी चालू लागलो. कर्र... कर्र... दमलेल्या माणसाचं पाऊल टाचेवर पडत नाही, आधी चवडा घासतो, मग सगळं वजन एकदम येतं. तसं चाललो. आवाज उत्तम येत होता. पडद्यावर कुंपण आलं. तो माणूस टेकला. मी थांबलो. काही क्षणांनी तो उठला.

मला पाय उचलता येईना.

म्हणजे दुखत वगैरे नव्हतं. पाय नुसते जड झाले होते, झोपेतून कुणी उठवल्यावर होतात तसे. पडद्यावरचा माणूस पुढे गेला आणि मी तिथेच.

"पुन्हा घेऊ," ऊर्मी म्हणाली.

पुन्हा घेतलं. पुन्हा कुंपणापाशी तेच. आता खोलीत वास यायला लागला होता, ओल्या लोकरीचा आणि गंजलेल्या तारेचा. हीटर चालू होता, तरी माझ्या तोंडातून वाफ निघताना दिसली. कानातल्या इअरफोनमध्ये रॉड्नीचा आवाज आला, अगदी हळू.

"नंदन... तुझा श्वास खालून कसा येतो रे?"

"खालून?"

"जमिनीच्या जवळून... तू वाकलायस काय?"

मी ताठ उभा होतो.

"मग कोणतरी बसलंय तिथं," रॉड्नी म्हणाला. "तुझ्या पायाशी."

खाली बघायचं धाडस मला झालं नाही. तेवढ्यात उजव्या घोट्याभोवती पकड बसली. बुटाच्या आतून. रागाची पकड नव्हती ती. रस्ता ओलांडू नये म्हणून लहान मुलाचा हात धरतात, तेवढीच घट्ट.

"ऊर्मी, मला नाही जमत," मी म्हटलं. "कुणीतरी धरलंय मला."

मला वाटलं ती घाबरेल. ती खुर्चीतून उठली आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, बुटांकडे बघत होती.

"बाबा? आलात तुम्ही?"

काचेपलीकडून रॉड्नीने घाईने काहीतरी दाबलं असावं, कारण त्याच्या हेडफोनमधला आवाज आता खोलीतल्या स्पीकरवर आला. आधी श्वास. मग एक बाप्याचा आवाज, फार दमलेला.

"ऊर्मे... बसू दे गं."

मी उल्हासरावांना मंडळाच्या गणपतीत आरत्या म्हणताना ऐकलं होतं. आवाज त्यांचाच होता.

ऊर्मीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने दोन्ही हात त्या बुटांवर ठेवले. मला वाटलं, आता सोडेल ती. आता म्हणेल, बसा बाबा.

"नाही," ती म्हणाली. "उठा. यू कॅन डू इट, बाबा. घर दिसतंय बघा. थोडंच राहिलंय."

"नको गं..."

"रॉड्नी, डोन्ट कट! काका, चला!"

घोट्यावरची पकड सुटली नाही. पण पाय उचलला गेला. मी उचलला नाही. एक पाऊल पडलं, आणि आवाज आला तो कॉर्नस्टार्चचा नव्हता. खऱ्या बर्फाचं कवच फुटल्याचा आवाज होता तो, खाली खोल, पोकळ. दुसरं पाऊल. तिसरं. प्रत्येक पावलाला स्पीकरमधून कण्हणं यायचं आणि प्रत्येक कण्हण्याला ऊर्मी म्हणायची, "येस... येस, बाबा... अजून एक." डाव्या पायात आधी सुया टोचल्या, मग आग झाली, मग काहीच कळेनासं झालं. मी ओरडत होतो की नव्हतो, सांगता येणार नाही. पडद्यावर पिवळा उजेड आला. पोर्चच्या पायऱ्या. दार उघडलं.

"कट," ऊर्मी म्हणाली.

खोलीचं दार धाडकन उघडून शीलावहिनी आत आल्या. त्यांना बाहेर काय ऐकू आलं, हे मी कधी विचारलं नाही. त्यांनी मला खाली बसवलं आणि नाड्या सोडायला घेतल्या. त्या कडक झाल्या होत्या. शेवटी बूट ओढून काढले तेव्हा आतून बर्फाचा चुरा जमिनीवर सांडला. मोजा कातडीला चिकटला होता. डाव्या पायाची बोटं काळीनिळी, लाकडासारखी.

ऊर्मी काचेशी उभी राहून रॉड्नीला विचारत होती, "मिळालं ना? प्लीज सांग मिळालं."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, किती तास बाहेर होतात? मी म्हटलं, बाहेर नव्हतोच. त्याने पुढे विचारलं नाही. मी प्यायलो होतो असं त्याने धरलं असावं. डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. उजवा वाचला. त्या घोट्याभोवती पाच बोटांचे वळ होते, आणि गंमत बघा, त्या वळांखालची कातडी तेवढी गरम होती.

रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज नव्हता. कण्हणंही नाही. फक्त पावलं, इतकी खरी की माझा विश्वास बसेना. रॉड्नीने महिन्याभरात काम सोडलं. आता लोकांचे टॅक्स भरून देतो.

फिल्म गाजली. टोरोंटोत दाखवली तेव्हा मी काठी टेकत गेलो. शेवटी दार उघडलं आणि सगळं थिएटर रडत उभं राहिलं. एका पांढऱ्या केसांच्या बाईने माझा हात धरला, म्हणाली, "इट गेव्ह मी सो मच होप." ऊर्मी स्टेजवरून सगळ्यांना सांगत होती, विश्वास असेल तर कुणीच वाटेत राहत नाही.

शीलावहिनी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. लोक बाहेर पडू लागले तरी त्यांनी कानांवरचे हात काढले नव्हते. मी जवळ गेलो. "वहिनी, संपलं."

"सिनेमा संपला," त्या म्हणाल्या. "ते चाललेत अजून."

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मला ग्वेल्फला बोलावलं. भर दुपार होती, लख्ख ऊन, ताजा बर्फ. वहिनी बऱ्याच वाळल्या होत्या. त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. घराभोवती बुटांच्या ठशांची वाट पडली होती. कुंपणाकडून आलेली आणि मग घराला वेढा घालून गोल, गोल, पुन्हा गोल. दाराकडे एकही ठसा वळलेला नव्हता. वाटेलगत स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवलेली होती. तिच्यावर वीतभर बर्फ साचला होता, न मोडलेला.

"दार उघडं ठेवून पाहिलं," वहिनी म्हणाल्या. "आत येत नाहीत. मग खुर्ची ठेवली. रोज म्हणते, बसा हो... बसा आता. बसत नाहीत. बसायचं कसं तेच त्यांच्यातून काढून टाकलं पोरीने."

"ऊर्मीला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाली, आई, दॅट्स ब्यूटिफुल. बाबा तुला प्रोटेक्ट करतायत."

आम्ही आत येऊन चहा घेत होतो तेव्हा फोन वाजला. ऊर्मीच होती. वहिनींनी स्पीकर लावला.

"आई, गुड न्यूज! आय ॲम प्रेग्नंट! आत्ता टेस्ट केली. परीक्षितलाही अजून सांगितलं नाहीये, तूच पहिली!"

परीक्षित तिचा नवरा. मी अभिनंदन करायला तोंड उघडलं, पण वहिनींनी हात वर करून मला थांबवलं.

"छान झालं गं," त्या म्हणाल्या. "जप हं. मी करते नंतर फोन." आणि ठेवला.

त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. मग उठून खिडकीचा पडदा थोडासा बाजूला केला.

"मला मागच्या आठवड्यापासून माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मघाशी मी मोठे ठसेच बघत होतो. त्यांच्या कडेने दुसरे ठसे होते. लहान. माझ्या तळहाताएवढेही नाहीत. अनवाणी.

अंगणात कुणी नव्हतं. ऊन होतं, बर्फ चमकत होता. आणि भिंतीपलीकडून आवाज जवळ येत होता. आधी मोठी पावलं, जड, घासत येणारी. त्यांच्या मागे, अंतर फार पडलं की घाईने पळत येऊन त्यांना गाठणारी, दुसरी.