कूलर बंद करता का?

मे महिन्यातली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि एक घामेजलेला तरुण मोनालीच्या दुकानात शिरून म्हणतो, "तुमचा कूलर बंद करता का?"

इंदोरा वस्तीतलं कूलर-दुरुस्तीचं दुकान. बाहेर शेहेचाळीस डिग्री. मोनालीनं हातातली, कूलरच्या जाळीत बसवायची वाळ्याची ताटी खाली ठेवली.

"काहून? ऊन लागलं का तुम्हाले?"

"रेकॉर्डिंग करायचं आहे." त्यानं पिशवीतून माइक काढला. "मी धम्मानंद. माझा पॉडकास्ट आहे... कूलरवर."

"फक्त कूलरवर?"

"फक्त."

तिला हसू आवरेना. तरी तिनं बटन दाबलं. पंखा थांबला, ताटीवरून ठिबकणारं पाणी तेवढं ऐकू येत राहिलं, आणि दोघं भट्टीत बसल्यासारखे बसून वाळ्याच्या वासाबद्दल बोलले.

मग तो दर रविवारी येऊ लागला. पंप काहून जळतो, ताटी किती दाट भरायची, तिचे वडील रुपराव दुकान चालवायचे तेव्हा लोखंडी कूलर कसे बनायचे – विषय संपेचना. दोन उन्हाळे गेले. ऐकणारे चारशे बारा. दर वेळी कूलर बंद, म्हणून मोनाली त्याच्यासाठी ओला रुमाल तयार ठेवायची. तो रुमाल खिशात घालून निघून जायचा.

"माहे रुमाल कुठं जाऊन राहिले गा?"

"एपिसोडमध्ये लागतात."

"रुमालाचा आवाज येते?"

"येते वं. तुले ऐकू नाही येत..."

हे असं. याच्या पुढे कोणी जात नव्हतं. माइक समोर असला की माणसं जरा जास्तच शहाणी होतात.

जूनच्या सुरुवातीला तो आला तो बसलाच नाही. पुण्याच्या एका स्टुडिओनं त्याला बोलावलं होतं. मोठमोठ्या माणसांच्या मुलाखती, लाखभर श्रोते.

"कूलरवर किती दिवस बोलू, मोनाली? चारशे बारातले दहा तर माह्या घरचेच आहेत."

"बरोबर आहे," ती म्हणाली. बरोबरच होतं, हीच पंचाईत होती. 'जाऊ नको' म्हणायचा हक्क कुठून आणायचा? आणि काहीच न म्हणता त्याला जाऊ दिलं, तर ती त्याच्या जुन्या विषयासोबतच मागं राहणार होती.

पुढच्या रविवारी शेवटचा एपिसोड. कूलर बंद. माइक चालू.

"शेवटचं काही सांगायचं आहे?" त्यानं विचारलं. मुलाखतीतला आवाज, पण नजर तिच्या हातातल्या रुमालावर.

मोनाली उठली आणि तिनं कूलर फुल स्पीडवर सोडला. घरघराटानं दुकान भरलं. त्या आवाजात, माइककडे तोंड करून, ती काहीतरी बोलली. दोनच वाक्यं.

"काय?" तो ओरडला. "काही ऐकू नाही आलं! रेकॉर्डिंग खराब झालं ना!"

"होऊ दे," ती म्हणाली. मनावरचं ओझं उतरलं होतं, कुणाला कळलंही नव्हतं. असं तिला वाटलं.

मंगळवारी तो गेला. रुमाल घेऊन.

जून संपता संपता लोकांनी कूलरवर ताडपत्र्या टाकल्या. मोनालीही दुकानातल्या कूलरवर टाकत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"मोनाली... इथल्या मशीनवर पंख्याचा आवाज काढून टाकता येते. खालचं बोलणं वर येते."

तिच्या हातून ताडपत्री सुटली.

"काय आलं वर?" कसंबसं तिनं विचारलं.

"'जा गा. विषय सोड, मले नको सोडू.'" त्यानं जपून, एकेक शब्द म्हटला.

"विषयच सोडला वं," तो म्हणाला. "दिवाळीत येऊन राहिलो. आणि ऐक... या वेळी कूलर बंद नको करजो."

"दिवाळीत? थंडीत कूलर?"

"माइक नाही आणणार मी."

बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. मोनालीनं ताडपत्री उचलली, नीट घडी घातली, आणि कपाटात ठेवून दिली.